सूर्य बुडाला की ट्रायपॉड आवरू नका: शेफील्डजवळच्या मूरवरची संध्याकाळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याचे एक निवृत्त काका ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात लेकीकडे शेफील्डला येताहेत, मुक्काम महिनाभर. कास, चाळकेवाडी, सज्जनगड वर्षानुवर्षं फिरून झालंय. आता इंग्लंडमधला तो जांभळा मूर, म्हणजे हेदर नावाच्या झुडपाच्या फुलांनी रंगलेला उघडा माळ, त्यांना संध्याकाळच्या उजेडात टिपायचाय. कुठे जावं, किती वाजता पोचावं, कोणती लेन्स न्यावी, परवानगी किंवा तिकीट लागतं का, आणि बासष्टाव्या वर्षी एकट्याने जाणं बरं का? जवळ एपीएस-सी बॉडी (मधल्या आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा) आहे, १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटर या दोन लेन्स आणि एक हलका ट्रायपॉड.

काका, मी वाईची. शेफील्डात एकोणीस वर्षं झाली आणि त्यातली निम्मी तरी उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार-सहा जणांना घेऊन मूरवर कॅमेरा चालवण्यात गेली. तुम्ही विचारलेल्या क्रमाने उत्तर देत नाही, कारण तुमच्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट आधी सांगायला हवी. आपल्या हाताला सह्याद्रीतल्या संध्याकाळचं वळण पडलेलं असतं. ते वळण इथे नडतं.

मी आले त्या पहिल्या ऑगस्टची गोष्ट. सूर्य डोंगराआड गेला, मी सवयीने कॅमेरा बॅगेत घातला, ट्रायपॉडचे पाय मिटले आणि स्टेशनची वाट धरली. वीस मिनिटं उतरल्यावर सहज मागे वळून पाहिलं, तर अख्खं आकाश पेटलेलं. वरच्या कड्याची कडा गुलाबी, खालचा हेदर त्याच रंगात न्हालेला, आणि मी नेच्यांच्या गचपणात उभी! त्या दिवसाचा माझ्याकडे एकच फोटो आहे, मोबाइलवर काढलेला, त्यातही अर्ध्या फ्रेममध्ये विजेची तार.

यामागे साधी भूमिती आहे. साताऱ्याला सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, शेफील्डला तिरका. शेफील्ड ५३ अंश अक्षांशावर आहे. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात क्षितिजापासून सहा अंश वर असलेला सूर्य साताऱ्याला साधारण २५ मिनिटांत बुडतो, इथे त्याला जवळपास पाऊण तास लागतो. बुडाल्यावरचा संधिप्रकाशही तसाच. तिकडे वीस-बावीस मिनिटांत काळोख दाटतो, इकडे पस्तीस-चाळीस मिनिटं हातातलं पान वाचता येईल इतका उजेड राहतो. म्हणजे तिकडे जे तासाभरात उरकायचं, त्याला इथे दीड तास मिळतो. घाई करायचं कारणच नाही. मात्र एक लक्षात ठेवा, हा तिरका सूर्य खाली येता येता उजवीकडे सरकतो. त्या शेवटच्या पाऊण तासात हात लांब करून मूठ धरली तर एका मुठीएवढा सहज सरकेल. एखाद्या दगडाच्या फटीतून सूर्य दिसावा अशी फ्रेम बांधणार असाल तर आत्ता तो दिसतोय तिथे बांधू नका, उजवीकडे मूठभर जागा सोडा.

सूर्यास्त २० ऑगस्टच्या आसपास सव्वाआठ ते साडेआठच्या दरम्यान होतो. तुम्ही परत निघाल तोवर, म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, तो सव्वासातवर आलेला असेल. इथला दिवस भराभर आखडतो, रोज दोन मिनिटांहून जास्त. आणि अ‍ॅपमध्ये दिलेली वेळ सपाट क्षितिजाची असते. पश्चिमेला डोंगर आहेत, त्यामुळे थेट ऊन चार-पाच मिनिटं आधीच जातं.

आता मूर म्हणजे नेमकं काय. फोटो बघून तुम्हाला कास आठवला असेल, पण मला विचाराल तर कोकणातला सडा डोळ्यांसमोर आणा. तसाच उघडा, झाड नाही, वाऱ्याला आडोसा नाही. फक्त जांभ्याच्या जागी काळं, भुसभुशीत, कायम ओलं पीट घाला, कुठे वीतभर तर कुठे पुरुषभर खोल. थंडी आणि पाणी यांमुळे इथलं शेवाळ धड कुजत नाही, त्याचेच थर हजारो वर्षं साचत आलेत. त्यावर हेदर वाढतं. कासला फुलणारा तेरडा दरवर्षी नव्याने उगवतो आणि मरतो. हेदर मात्र काटक लाकडी झुडूप आहे, गुडघ्याएवढं, तेच झुडूप वर्षानुवर्षं. जुलैत फुलतं ते बेल हेदर, गडद रंगाचं, कोरड्या उतारावर तुरळक. तुम्हाला हवा असलेला जांभळा समुद्र म्हणजे ‘लिंग’ (ling) नावाचं हेदर, कॅलुना. त्याचा बहर साधारण ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. तुमची तिकिटं कोणी काढली माहीत नाही, पण ज्याने काढली त्याला पेढे द्या. एक मात्र आहे, कोरडा उन्हाळा गेला किंवा हेदरवर पडणारा भुंगेरा आला तर एखादा उतार तपकिरीच राहतो. तसं झालं तर हिरमुसू नका, शेजारच्या उतारावर बघा.

तिकीट नाही आणि कासला करावं लागतं तसं ऑनलाइन बुकिंगही नाही. गाडी नेलीत तर पार्किंगचे पैसे भरा, बाकी काही नाही. पण हे असंच मिळालेलं नाही. शंभर वर्षांपूर्वी हे मूर शिकारीसाठी राखलेली खासगी जमीन होती, पाय ठेवला तर राखणदार हाकलून लावत. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण, त्यात मँचेस्टरच्या गिरण्या-कारखान्यांत राबणारे बरेच, ठरवून इथल्या किंडर स्काउट पठारावर घुसले आणि त्यातले पाच जण तुरुंगात गेले. हे मूर ज्यात येतात तो पीक डिस्ट्रिक्ट १९५१ मध्ये ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं आणि मोकळ्या माळावर पायी फिरायचा कायदेशीर हक्क मिळायला २००० साल उजाडलं. १२ ऑगस्टला ग्राउस पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. काही खासगी मूरवर दिवसा बंदुका असतात, तिथे पाट्या लावलेल्या असतात. मी सांगणार आहे त्या दोन जागांची काळजी नको. ड्रोन घरी ठेवा.

पहिल्या संध्याकाळी सरप्राइज व्ह्यूला जा. शेफील्डहून कॅसलटनकडे जाणाऱ्या रस्त्यावर हॅदरसेज गावाच्या अलीकडे हा वाहनतळ आहे, २७२ नंबरची बस तिथूनच जाते. दहा-पंधरा मिनिटांच्या सोप्या चढावर मदर कॅप नावाचा भलामोठा एकांडा दगड लागतो, आणखी थोडं वर ओव्हर आउलर टॉर. आजूबाजूला हेदर, मधूनमधून एकेकटं चंदेरी बर्च, पश्चिमेला सगळी होप व्हॅली आणि तिच्या टोकाला मॅम टॉर. उत्तरेला हिगर टॉरचा सपाट माथा आणि त्याच्या पुढ्यात कार्ल वॉर्कचा जुना कोट. या पहिल्या फेरीत फोटोंची फार अपेक्षा ठेवू नका. वारा कसा असतो, पाय कुठे रुततो, उजेड किती वेळ टिकतो याचा अंदाज घ्या.

खरी संध्याकाळ स्टॅनेज एजची. वालुकाश्माचा हा कडा सहा किलोमीटरच्या आसपास लांब आहे. सर्वांत उंच जागा ४५८ मीटरवर, म्हणजे आपल्या हिशेबात टेकाडच. पण त्याचं तोंड पश्चिम-नैऋत्येला आहे आणि ऑगस्टमध्ये सूर्य पश्चिमेपासून वीसेक अंश उत्तरेकडे मावळतो. त्यामुळे ऊन कड्यावर समोरून न पडता बाजूने घासत जातं. भरड दगडाचा कणन् कण उठून दिसतो. हा दगड कोणे एके काळच्या नदीच्या मुखाशी साचलेली वाळू, ३० कोटी वर्षांहून जुनी. तो इतका खरखरीत, की त्याची दळायची जाती बनवत. म्हणून नावच मिलस्टोन ग्रिट. कड्याच्या पायथ्याला गवतात ही जाती आजही पडून आहेत. घडवली, पण गिऱ्हाईक आलं नाही, कारण पांढऱ्या पिठासाठी लोक फ्रान्सचा दगड मागू लागले. जाडीला वीतभर, मधे भोक, आपल्या जात्याच्या तळीसारखीच, फक्त माणसाच्या खांद्याला लागतील एवढी थोरली. राष्ट्रीय उद्यानाचं चिन्हही तेच जातं आहे. सगळे त्याचा फोटो काढतात. तुम्हीही काढा, पण त्यात संध्याकाळ घालवू नका.

हॅदरसेज स्टेशनवरून नॉर्थ लीजमार्गे वर, कड्यावरून दक्षिणेकडे चालत आणि मग खाली, असा पूर्ण फेरा दहा-अकरा किलोमीटरचा. लेक गाडीने सोडणार असेल तर कड्याखालच्या वाहनतळावरून अर्ध्या तासात माथ्यावर पोचाल. सूर्यास्ताच्या दोन तास आधी माथ्यावर असायला हवं. पहिला तास कॅमेरा बाहेर काढायचा नाही. नुसतं फिरायचं आणि जागा हेरायच्या. उजेडात तीन जागा पक्क्या करून ठेवल्या, की नंतर धावपळ होत नाही. एक जागा सूर्याकडे तोंड करून, एक त्याच्याकडे पाठ करून आणि एक सूर्य गेल्यानंतरची.

बहुतेक जण पहिल्या जागेवरच अडकतात आणि मावळत्या सूर्याचा तोच फोटो घेऊन जातात. मला विचाराल तर तीनमधली सगळ्यात कमी कामाची जागा ती. पण करायचीच, तर हेदर तुमच्या आणि सूर्याच्या मधे येऊ द्या. पाठीमागून उजेड आला की ती बारीक फुलं आतून पेटल्यासारखी दिसतात. समोरून ऊन पडलं की जांभळा रंग तांबूस मळकट होतो, हे पहिल्यांदा बघाल तेव्हा कॅमेरा बिघडला असं वाटेल. बिघडलेला नसतो. नारिंगी उजेडात जांभळ्याचं तेच होतं.

दुसरी गोष्ट उंचीची. उभ्याने, डोळ्याच्या उंचीवरून हेदरचा फोटो काढलात तर निम्मी फ्रेम तपकिरी काटक्यांनी भरते. फुलं शेंड्याला असतात, वरून बघितलं की मधल्या फटी दिसतात. गुडघ्यावर बसा, कॅमेरा फुलांच्या जेमतेम वर आणा. फटी झाकल्या जातात आणि जांभळा सलग होतो. गुडघ्याखाली घ्यायला गोणपाटाचा किंवा जुन्या योगा मॅटचा तुकडा न्या, पीट ओलं असतं. याच कारणासाठी तुमची ५५-२५० इथे १८-५५ पेक्षा जास्त उपयोगी पडेल. लांबच्या लेन्सने एकामागचे एक उतार जवळ खेचले जातात आणि हेदरच्या पट्ट्यांची दुलई होते. १८ मिलिमीटरला तोच उतार लांब पळतो आणि फ्रेममध्ये नुसता मोकळा माळ उरतो. मूरवर रुंद लेन्स तेव्हाच लावायची, जेव्हा पायाशी काहीतरी धरून ठेवणारं आहे: जातं, भेगाळलेला दगड किंवा पाणी.

वाऱ्याचं काय करायचं? वारा असतोच. सूर्य वर असताना एफ/११ (लेन्सचं छिद्र बरंच बारीक) आणि आयएसओ १०० (उजेड टिपायची क्षमता कमी) ला शटर साधारण १/३० सेकंद येईल आणि हेदरचे शेंडे पुसट होतील. आयएसओ ४०० करा, १/१२५ मिळेल. थोडा नॉइज, म्हणजे फोटोतला रवाळपणा, चालतो, हललेलं फूल नाही चालत. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला बॅग लटकवायची सवय असेल तर ती हवेत झुलती ठेवू नका. वाऱ्याने बॅग हलते आणि तिच्यासोबत कॅमेराही. बॅगेचं बूड जमिनीला टेकेल इतकी दोरी सैल ठेवा. आणि एक अनुभवाची गोष्ट. पीट स्प्रिंगसारखं दबतं. ट्रायपॉडचे पाय दाबून बसवले तरी, एक्स्पोजर चालू असताना तुम्ही एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतलात तर फ्रेम हलते. दोन वर्षं मी माझ्या लेन्सला दोष देत होते. आता दोन सेकंदांचा टायमर लावते, हात सोडते आणि दगडावर पाय देऊन गप्प उभी राहते. कडेला दगड असेल तर ट्रायपॉडही दगडावरच.

फिल्टरची यादी वाढवू नका. मूरचं क्षितिज सपाट असतं, म्हणून खालून पारदर्शक आणि वरून काळसर असा ग्रॅज्युएटेड फिल्टर इथे चांगला बसतो, दोन स्टॉपचा पुरे (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). तो नसेल तर रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) कमी-जास्त उजेडाची तीन एक्स्पोजर घ्या आणि घरी जोडा, आता त्यात कमीपणा नाही. पोलरायझर ओल्या दगडावरची आणि हेदरच्या पानांवरची चकाकी काढायला उत्तम, पण रुंद लेन्सवर आकाश घेऊन तो लावला तर आकाशाचा एक पट्टा गडद निळा आणि बाकीचं फिकट, असं ठिगळ दिसतं. व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारी सेटिंग) डेलाइटवर ठेवून द्या. ऑटोवर कॅमेरा इमानदारीने सगळी संध्याकाळ धुऊन पांढरी करतो.

दुसरी, म्हणजे सूर्याकडे पाठ करायची जागा मला सगळ्यात आवडते. सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीची दहा मिनिटं, पाठ त्याच्याकडे करून कड्याच्या बाजूला बघा. दगड मधासारखा पिवळा, मग नारिंगी, मग एकदम विटेचा रंग. वरचं पूर्वेचं आकाश तोवर निळसर करडं झालेलं असतं. कुणी गिर्यारोहक दोर गुंडाळत बसलेला असेल, त्याला फ्रेममध्ये घ्या, मापाला माणूस लागतोच. कड्याच्या टोकावर मात्र एक शिस्त पाळा: व्ह्यूफाइंडरला डोळा लावून एकही पाऊल टाकायचं नाही, पुढे तर नाहीच, मागेही नाही. कडा ठिकठिकाणी पंधरा-वीस मीटर सरळ तुटलेला आहे आणि कठडा कुठेच नाही.

आता तिसरी जागा. स्टॅनेजच्या माथ्यावरच्या सपाट दगडांत परातीएवढी उथळ कुंडं कोरलेली आहेत, प्रत्येकाजवळ छिन्नीने आकडा घातलेला, आणि पावसाचं पाणी आत यावं म्हणून बोटभर रुंदीच्या पन्हळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीच्या राखणदारांनी ग्राउस पक्ष्यांना पाणी मिळावं म्हणून ती केली. पक्ष्यांना पाणी पाजायचं ते मारण्यासाठी, असो. आपल्या निघोजचे रांजणखळगे नदीने कोरले, ही माणसाने. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर ती भरलेली असतात आणि सूर्य गेल्यावर आकाशातला उरलासुरला रंग त्यांत उतरतो.

मागच्या वर्षीची एक संध्याकाळ सांगते. सूर्य गेला होता, सोबतचे दोघं थर्मासमधला चहा ओतत होते. मी कुंडापाशी ट्रायपॉड पूर्ण पसरून कॅमेरा दगडापासून हातभर उंचीवर आणला, उभी फ्रेम, १८ मिलिमीटर, एफ/११. फोकस हाताने दीड-दोन मीटरवर, म्हणजे तुमच्या बॉडीवर साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. पाण्यावर वाऱ्याच्या बारीक सुरकुत्या होत्या आणि आकाशात काहीच नव्हतं, नुसती राख. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग ढगांच्या खालच्या बाजूला पहिल्यांदा फिकट गुलाबी आलं, हळूहळू लाल. सूर्य क्षितिजाखालून ढगांच्या पोटावर उजेड टाकत होता. त्याला पश्चिमेला ढगांमध्ये मोकळी फट लागते, ती त्या दिवशी होती. मी कुंडाच्या वाऱ्याकडच्या अंगाला बॅग आडवी ठेवली. सुरकुत्या थांबल्या. कोरलेला आकडा, त्याच्या खाचेतला ओला काळा दगड आणि मधे परातभर तांबडं आकाश. आयएसओ १००, चार सेकंद. प्रतिबिंब नेहमी आकाशापेक्षा स्टॉपभर तरी काळं असतं, त्यामुळे फिल्टरची कडा पाण्यावर येऊ द्यायची नाही, एवढंच भान ठेवलं. सहा फ्रेम मिळाल्या, सातव्या वेळी कुणाच्या तरी कुत्र्याने ते आकाश पिऊन टाकलं.

हे दर वेळी होत नाही. पाचांतून एकदा म्हणेन. वर मध्यम उंचीचे तुटक ढग आणि पश्चिम क्षितिज उघडं, असं असेल त्या दिवशी शंभर कामं सोडून जा. आकाश पूर्ण निरभ्र असेल तर सूर्य गेल्यावर पूर्वेला बघा. खाली पृथ्वीच्या सावलीचा निळसर पट्टा आणि त्यावर गुलाबी, हा थर निवांत पंधरा मिनिटं टिकतो. आणि गच्च ढग असतील तर आकाश फ्रेममधून हद्दपार करा. बर्चची पांढरी खोडं आणि ओला हेदर, त्या मऊ उजेडात खरा जांभळा रंग दिसतो. घरी आल्यावर तो आणखी जांभळा करायचा मोह होतो. एकदा वाढवा, रात्रभर झोपा, सकाळी निम्मा कमी करा.

राहिला एकट्याने जाण्याचा प्रश्न. तुम्ही सह्याद्रीत फिरलेले आहात, चढ-उताराची भीती नाही. पण इथले धोके वेगळे आहेत. पहिला दलदलीचा. वाट सोडून हिरव्यागार मऊ शेवाळावर कधी पाय देऊ नका. मूरवर जितकं पोपटी, तितकं खाली पाणी. मी कापूसगवताच्या झुपक्यासाठी तीन पावलं वाट सोडली आणि मांडीपर्यंत आत गेले. निघाले, बूट मात्र आतच राहिला, आणि एका पायात नुसता मोजा घालून सव्वा तास चालले. दुसरा धोका थंडीचा. गावात १६ अंश असले तर माथ्यावर दोन-तीन अंश कमी, वर वारा, आणि तुम्ही चालत नसता, दीड तास एका जागी उभे असता. साताऱ्याच्या डिसेंबरचा स्वेटर आणि त्यावर वारा अडवणारं जाकीट ऑगस्टातही हवं. तिसरा गोचिडींचा. नेच्यांतून चालताना पँट मोज्यांत खोचा आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत नीट बघा. इथल्या गोचिडींतून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. चिकटलेली असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा, तेल-मीठ काही लावू नका. विषारी साप इथे एकच, अ‍ॅडर, आणि तो संध्याकाळच्या गारव्यात तुमच्या वाटेला जात नाही.

उन्हाळा कोरडा असेल तर आगीची मात्र दहशत असते. २०१८ मध्ये सॅडलवर्थ मूर दिवसेंदिवस जळत होता, कारण पीट जमिनीखालून धुमसत राहतं. चहा थर्मासमधूनच न्या, स्टोव्ह नाही, काडी नाही.

म्हणून पहिल्या दोन खेपा लेकीला किंवा जावयाला घेऊन जा. नंतर एकट्याने गेलात तरी कुठून चढणार आणि किती वाजेपर्यंत परतणार हे घरी लिहून ठेवा. डोक्याला लावायची टॉर्च बॅगेच्या वरच्या कप्प्यात, तळाशी नाही, आणि तिचे जादा सेल खिशात. सूर्य गेल्यावर चाळीस मिनिटांनी उतरायचं म्हणजे उतार अंधारातच होतो. आलो त्याच वाटेने उतरायचं, जवळची दिसणारी वाट घ्यायची नाही. ऑर्डनन्स सर्व्हेचा २५ हजारांत १ मापाचा कागदी नकाशा सोबत असू द्या, थंडीत मोबाइलची बॅटरी दगा देते. काही झालंच तर ९९९ लावून आधी पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू हवी म्हणून सांगायचं. फोन लागला नाही तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांनी येतं.

अंधार पडता पडता हेदरमधून कुणीतरी खरखरीत आवाजात ‘गो बॅक, गो बॅक’ ओरडेल. दचकू नका, तो ग्राउस. इथले लोक म्हणतात तो घरी जा म्हणतोय, आणि साडेनऊ वाजले असतील तर ऐकावं त्याचं. हॅदरसेजहून शेफील्डकडे रात्री गाड्या मोजक्याच असतात, रविवारी आणखी कमी. शेवटच्या गाडीची वेळ त्याच दिवशी सकाळी बघून घ्या, मागच्या आठवड्याची धरून चालू नका. टॅक्सीचा नंबर निघायच्या आधीच फोनमध्ये घालून ठेवा, कड्याखालच्या खोलगट भागात रेंज नसते. गावातल्या पबचं स्वयंपाकघर नऊच्या सुमाराला बंद होतं, तेव्हा लेकीला दोन दशम्या आणि चटणी बांधून द्यायला सांगा.